मोटर पुण्यातून चालू होते, पण नंबर कोणाचा?

यावेळी पत्रं लय आली. कागदावरची मोजकीच, बाकी सगळी व्हॉट्सॲपवर, त्यातही निम्मी बोलून पाठवलेली, मागे पीठगिरणीचा आवाज नाही तर बकऱ्या. बहुतेकांची तक्रार एकाच जातीची निघाली, घरात नवं यंत्र आलं आणि त्याच्यासोबत नवी भांडणं आली. म्हणून यावेळचं सदर सगळं त्यालाच देतो. नावं कोणाचीच छापली नाहीत, गावंही नाही, फक्त तालुका, कारण आपल्याकडे गावावरूनही माणूस ओळखू येतो.

प्रश्न : भाऊ, आमचं वावर गावापासून तीन किलोमीटर, हिरीवर पाच एचपीची मोटर. पोरगा पुण्याले कंपनीत हाये, त्यानं दिवाळीत येऊन मोबाईलवाला स्टार्टर बसवून देल्ला. आता रात्री लाईन आली का तो पुण्यातूनच मोटर लावते. माही जागल वाचली हे खरं, पण मांगच्या आठोड्यात मी फुटवॉल साफ कराले हिरीत उतरलो आन मोटर सुरू झाली. वाचलो म्हणा. पोराले फोन केला त म्हणे, बाबा तुमी सांगाचं न. हे बरोबर हाये काय?
— एक कास्तकार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : काकाजी, बरोबर नाही. हे उत्तर पोराला वाचून दाखवा, नाही तर फोटो काढून पाठवा.

त्या डब्यात काय असतं ते आधी सांगतो. आत एक सिम असतं, आपल्या मोबाईलमधल्यासारखंच. डब्याला काही ठरावीक नंबर देऊन ठेवलेले असतात, त्याच नंबरवरून फोन गेला तर तो उचलतो, मग एक आकडा दाबला की मोटर चालू, दुसरा दाबला की बंद, आणि लाईन आली-गेली की तोच उलट फोन नाही तर मेसेज करतो. नवीन डबे ॲपवरही चालतात, पण काम तेच. आणि बऱ्याच डब्यांत ऑटो नावाची एक सोय असते, ती चालू असली की कोणी फोन करायचीही गरज नाही, लाईन आली की मोटर आपोआप उठते. म्हणजे तुम्ही हिरीत होते तेव्हा मोटर पोरानंच लावली असं नाही, ऑटोनंही लावली असू शकते, ते आधी तपासा आणि मग पोरावर चिडा.

नियम एकच आहे आणि तो घरातल्या सगळ्यांना पाठ पाहिजे. हिरीत उतरायचं, केबल जोडायची, पाईप सोडायचा, काहीही करायचं असो, आधी बोर्डावरचा मेन पाडायचा, फ्यूज काढायचे आणि ते खिशात घालूनच खाली उतरायचं. मोबाईलवर बंद केली म्हणजे मोटर बंद झाली असं धरायचंच नाही, तो फक्त थांबलेला स्टार्टर असतो, तारेत करंट तसाच उभा असतो. फ्यूज तुमच्या खिशात असले त मग पुण्यातून काय अमेरिकेतून फोन लावू द्या, मोटर हलत नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. डब्यातला मुख्य नंबर कोणाचा आहे? पोराचा असणार, कारण बसवला त्यानं. ज्या नंबरला मुख्य केलं तोच बाकीचे नंबर टाकू शकतो नाही तर काढू शकतो, असं बहुतेक डब्यांत असतं. तर तो नंबर तुमचा करा, पोराचा खाली जोडून ठेवा. वावर तुमच्या अंगाखाली आहे, कोणत्या तासाला ओल आहे, कुठं पाट फुटतो, पऱ्हाटीला आज पाणी द्यायचं का उद्यावर ढकलायचं, हे पुण्यात बसून दिसत नाही. त्याला फक्त दिसतं की लाईन आली. आणि लाईन आली की मोटर लावायचीच हा जो नाद आहे ना, त्यानं पाणी धुऱ्यावरून शेजाऱ्याच्या वावरात जातं आणि मग पुण्याच्या पोराचं भांडण इथं तुम्हाला लढावं लागतं. त्यानं लावायच्या आधी एक फोन करायचा, बाबा लावू का, एवढंच. त्याचा मान कमी होत नाही.

डबा घेताना दोन गोष्टी विचारून घ्या, हिरीतलं पाणी संपलं की मोटर स्वतः बंद होते का, आणि तीनपैकी एक फेज गेली तर बंद होते का. नाही तर वाइंडिंग जळते आणि वाचलेल्या जागलीचे पैसे रिवाइंडिंगवाल्याला जातात. आणि डब्यातल्या सिमचा रिचार्ज कोण करतो ते ठरवा, कारण ते सिम कोणाच्या ध्यानातच राहत नाही आणि नेमकं गव्हाच्या पाण्याच्या वेळी बंद पडतं.

जागल वाचली ही लहान गोष्ट नाही, हे मीही मानतो. ज्यानं पौषात रात्री दोन वाजता ओलीत केलं, साप पाहिला, ओल्या हातानं स्टार्टरचा झटका खाल्ला, त्याला हे यंत्र म्हणजे काय ते विचारा. खरं औषध दिवसाची लाईनच आहे, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली त्याच्यासाठीच आली, आणि 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत कास्तकाराला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराला ५ टक्केच भरावे लागतात. एक सांगून ठेवतो, या सौर पंपाच्या कंट्रोलरमध्येही सिम असू शकतं, पंप किती चालला त्याची माहिती त्याच्यावरून पाठवली जाते, म्हणून तो लहानसा अँटेना. गावात लोक म्हणतात त्याच्यात कॅमेरा आहे. कॅमेरा नाही, निवांत ऱ्हा.

प्रश्न : भाऊ, मी बी.ए. झालेली सून आहे. मागच्या वर्षी शेजारच्या गावात कोणीतरी सोयाबीनची गंजी पेटवली, तेव्हापासून सासऱ्यांनी भीतीनं आंगणात कॅमेरा लावला, सिमवाला, सोलरवाला, सगळीकडे फिरणारा. तो माझ्या भासऱ्यांच्या मोबाईलवर दिसतो, ते नागपूरला असतात. परवा त्यांनी फोन करून सासूबाईंना विचारलं की सूनबाई दुपारी आंगणात दिसली नाही, झोपली होती का. आमची न्हाणी पण आंगणातच आहे, वरून उघडी. घरात बोलले तर म्हणतात तुला लपवायचं काय आहे. सांगा मी चुकते का?
— एक सून, ता. चांदूर बाजार, जि. अमरावती

उत्तर : ताई, तुम्ही चुकत नाही. लपवायचं काय आहे हा प्रश्नच उलटा आहे, आंघोळ लपवायची गोष्ट नसते, ती झाकून करायची गोष्ट असते, आणि हे तुमच्या सासूबाईंना कोणी समजावून सांगायची गरज पडायला नको.

आधी न्हाणीचं. आंघोळ करणाऱ्या बाईचं चित्रण करणं किंवा तिला चोरून पाहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, घरातल्यानं केलं म्हणून सुटका नाही. मी हे धमकी द्यायला सांगत नाही, घरात बोलताना तुमच्या पाठीशी काय आहे ते तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो. न्हाणीवर पत्रा नाही तर ताडपत्री आजच टाकून घ्या, ते कॅमेऱ्याच्या भांडणाची वाट पाहत थांबवू नका.

मग कॅमेऱ्याचं. सासऱ्यांची भीती खोटी नाही, वर्षाचं पीक एका काडीनं जातं. पण गंजी कुठं आहे? कॅमेरा गंजीवर आणि फाटकावर लावायचा, आंगणावर नाही. फिरणारा असेल त त्याला एका जागी खिळवता येतं, आणि बऱ्याच ॲपमध्ये चित्राचा काही भाग काळा करून ठेवायचीही सोय असते. त्याला माईकही असतो बरं का, बहुतेकांना माहीतच नसतं, चुलीपाशी बसून तुम्ही आणि जाऊ जे बोलता ते नागपूरला ऐकू जाऊ शकतं. तो बंद करून घ्या. हे सगळं नवऱ्याला सोबत घेऊन करा, आणि सासऱ्यांना म्हणा, बाबा, गंजी चांगली दिसावी म्हणून कॅमेरा सरकवते. खोटं नाही ते.

आता एक विचारतो जे तुमच्या घरात बहुधा कोणी विचारलं नसेल. त्या ॲपचं अकाउंट कोणाच्या ईमेलवर आहे? गावात काय होतं, कॅमेरा बसवायला तालुक्याहून पोट्टा येतो, घरात कोणाचा ईमेल नसतो, असला तर पासवर्ड ध्यानात नसतो, मग तो आपल्याच ईमेलवर अकाउंट काढतो, क्यूआर स्कॅन करून भासऱ्यांच्या मोबाईलला जोडून देतो आणि चहा घेऊन जातो. त्याच्या मनात पाप असेलच असं नाही. पण तुमचं आंगण त्याच्या मोबाईलवर दिसू शकतं, आणि त्यानं जेवढ्या गावांत बसवले तेवढी आंगणं. ॲप उघडून आणखी कोणाकोणाला जोडलं आहे ती यादी पाहा, अकाउंट घरच्या माणसाच्या नंबरवर नव्यानं काढा, आणि कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला.

पासवर्ड बदला हे मी उगाच म्हणत नाही. २०१६ साली मिराई नावाच्या एका प्रोग्रामनं जगभरातले असेच कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले होते, आणि युक्ती काय होती तर कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड एकेक करून टाकून पाहायचे, बस. लोकांनी ते बदललेच नव्हते. त्या कॅमेऱ्यांच्या फौजेनं २१ ऑक्टोबर २०१६ ला डाईन नावाच्या अमेरिकन कंपनीवर असा मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स काही तास धड उघडत नव्हत्या. कॅमेऱ्याच्या मालकांना याची खबरही नव्हती, त्यांचे कॅमेरे आपले नेहमीसारखे चालू.

आणि भासऱ्यांना तुमच्या नवऱ्यानं सांगावं, तुम्ही नाही. भावाभावात हे बोलणं सोपं आहे, दादा, गंजी पाहा, घर पाहू नका.

प्रश्न : भाऊ, मी बचत गटात आहे. लाडकी बहीणचे पैसे, गॅसची सबसिडी, बँकेचा मेसेज, सगळं पुतण्याच्या मोबाईलवर येते, कारण फॉर्म भरला तवा माह्यापाशी मोबाईल नोता. आता मी घेतला. पुतण्या चांगला आहे पण ओटीपी मागाले दरवेळी त्याच्या दारात जा लागते आन त्याची बायको तोंड वाकडं करते.
— एक मावशी, ता. आर्णी, जि. यवतमाळ

उत्तर : मावशी, मोबाईल घेतला हे लय चांगलं केलं, पण अर्धंच काम झालं. तुमचा नंबर दोन ठिकाणी वेगवेगळा नोंदलेला असतो, एक आधारला आणि एक बँकेत, आणि एक बदलला म्हणजे दुसरा आपोआप बदलत नाही. इथंच सगळ्यांचा घोटाळा होतो.

आधी आधारचा करा. आधार केंद्रावर स्वतः जा, बोट लावावं लागतं, सरकारनं ठरवलेली फी असते तिची पावती मागून घ्या. मग पासबुक आणि आधार घेऊन बँकेत जा, मोबाईल नंबर बदलायचा फॉर्म भरा, पोच घ्या. आधार आधी काहून, तर लाडकी बहीणची ई-केवायसी, म्हणजे मोबाईलवरून ओळख पटवणं, सप्टेंबर २०२५ पासून सुरू झाली तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, बँकेतल्या नाही. तिथं नवऱ्याचा नाही तर वडिलांचा आधारही मागतात, त्यांचाही नंबर चालू आहे का पाहून ठेवा. आणि केवायसी करून देतो म्हणून कोणी लिंक पाठवली तर ती उघडू नका, सेतू केंद्रावरच करा.

एक धोका कोणी सांगत नाही तो सांगतो. सिमचा रिचार्ज महिनोन्महिने केला नाही की नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर कंपनी पुढं दुसऱ्या कोणाला देते. मग तुमच्या बँकेचा मेसेज कुठल्या अनोळखी माणसाकडे जातो. म्हणून जो नंबर आधारला दिला तो मरू द्यायचा नाही.

गावात अंगठा लावून पैसे काढत असाल तर प्रत्येक वेळी पावती घ्या. मशीनवाला म्हणाला की पहिला अंगठा नाही लागला, पुन्हा लावा, तर पहिल्यानं पैसे गेले नाहीत याची पावती दाखवायला लावा. अंगठ्याची फसवणूक होऊ नये म्हणून आधारला बायोमेट्रिक लॉक लावता येतं, पुतण्याकडून तेवढं लावून घ्या, शिका, आणि काम असलं की उघडायचं, झालं की लावायचं. पुतण्याला एक किलो जिलेबी द्या आणि मोकळं करा, त्याच्या बायकोचंही तोंड सरळ होईल.

प्रश्न : भाऊ, आमच्या गावच्या ग्रुपवर एका ओळखीच्या माणसाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आली, उघडली त काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी खात्यातून अठरा हजार गेले. तो माणूस म्हणते मी पाठवलीच नाही. आता त्याच्याशी बोलणं बंद आहे. पैसे वापस भेटतात का?
— एक तरुण, ता. मूर्तिजापूर, जि. अकोला

उत्तर : तो खरं बोलतो रे बाबा, बोलणं सुरू कर. ती पत्रिका नव्हती, ते एपीके होतं, म्हणजे ॲप. फाईलच्या नावाशेवटी एपीके लिहिलेलं असतं, पत्रिका कधी एपीके नसते, ती फोटो असते नाही तर पीडीएफ. त्यानं आधी उघडली, त्याचा मोबाईल गेला, मग त्याच्याच नंबरवरून ती सगळ्यांना गेली. तुझ्या मोबाईलवरूनही गेली असेल, ग्रुपवर लगेच लिहून टाक की माझ्याकडून काही आलं असेल तर उघडू नका. लाजू नको. लाजेपायीच हे गावोगाव पसरलं.

ते ॲप घुसलं की मेसेज वाचायची परवानगी मागतं, आपण पटापट 'अलाऊ' दाबत जातो, मग बँकेचा ओटीपी तुझ्याआधी त्याला दिसतो. पीएम किसानच्या नावानंही असंच एपीके फिरतं.

पैशाचं : १९३० वर फोन करायचा, नाही तर सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकायची, आणि बँकेला कळवायचं. जेवढं लवकर तेवढं बरं, कारण पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतो आणि वाटेत जिथं आहे तिथं तो अडवता येतो. निघून गेला की कठीण. एक दिवस उलटला असला तरी तक्रार टाकच, तक्रार क्रमांकाशिवाय बँक बोलत नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे, तुझी चूक नसताना बाहेरच्या माणसामुळे पैसे गेले आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुझ्यावर बोजा येत नाही. पण स्वतःच ओटीपी नाही तर पिन दिला असला तर कळवेपर्यंतचं नुकसान तुझ्याच माथी. तुझ्या बाबतीत बँक म्हणेल की ॲप तूच टाकलं, वाद होईल, तरी लेखी भांड. मोबाईल नेट बंद करून रिसेट मारून घे, त्यातले फोटो आधी दुसरीकडे उतरवून ठेव, आणि पिन दुसऱ्या मोबाईलवरून बदल.

प्रश्न : आमी बापजाद्यापासून बंडीत कापूस भरून नेतो. आता म्हणतात मोबाईलवर नोंद केल्याबिगर कापूस घेत नाही. हे खरं काय? माह्यापाशी बटनवाला फोन हाये.
— एक म्हातारा कास्तकार, ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : बाबाजी, अर्धं खरं. खाजगी व्यापाऱ्याला काही नोंद लागत नाही, तो बंडी पाहून भाव सांगतो. पण हमीभावानं सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला द्यायचा असेल तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' नावाच्या ॲपवर नोंदणी आणि मग कापूस आणायची तारीख घ्यावी लागते. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला ८,११० रुपये होता, व्यापाऱ्याचा भाव त्याच्या किती खाली आहे ते पाहा आणि मग ठरवा नोंदणीची कटकट करायची का नाही. मला विचाराल तर करा.

त्याला सातबारा लागतो आणि सातबाऱ्यावर कापूस लागलेला पाहिजे, आणि तो लागतो ई-पीक पाहणीतून. ही पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून मोबाईलवर आली, तलाठ्याच्या वहीतून निघून आपल्या हातात, वावरात उभं राहून फोटो काढायचा, मोबाईलला जागा कळते. चुकलं तर ४८ तासांत दुरुस्त करता येतं. पाहणी राहिली की सातबाऱ्यावर पीक दिसत नाही आणि पुढं सगळंच अडतं. तुमच्या बटनाच्या फोनवर हे होत नाही, नातवाला वावरात घेऊन जा, पण ओटीपी तुमच्याच नंबरवर येऊ द्या. गावातल्या एखाद्या दलालानं सांगितलं की सातबारा आणि नंबर द्या, मी सगळं करतो, तर तुमच्या नावावर कोणाचा कापूस विकला जाईल सांगता येत नाही.

बाकी ओलाव्याचा नियम मोबाईलनं बदललेला नाही, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ पर्यंत कापून, त्याच्या वर वापस. कापूस वाळवूनच न्या.

प्रश्न : मी शाळेत शिकवते. पुसद तालुक्यातल्या एका गावानं पोरांना मोबाईलबंदी केली होती, आमच्याही ग्रामसभेत तसा ठराव आणावा का? सातवीची मुलं रात्री बारापर्यंत रील पाहतात आणि वर्गात पेंगतात.
— एक शिक्षिका, ता. दिग्रस, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, ते गाव बान्सी. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं अठरा वर्षांखालच्या पोरांना मोबाईल वापरायला बंदी केली होती. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं वेगळा मार्ग काढला, संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजला की दीड तास गावातले टीव्ही आणि मोबाईल बंद, लहानमोठे सगळ्यांचे.

मला विचाराल तर भोंगा बरा. बंदी पोरांवर येते आणि ठराव करणारे मोठे लोक ग्रामसभा संपली की पानठेल्यावर बसून तेच रील पाहतात, स्पीकर फुल्ल. पोट्टे आंधळे नाहीत. कोरोनात आपणच त्यांच्या हाती मोबाईल दिला, अभ्यास त्याच्यावर पाठवला, आजही शाळेच्या सूचना व्हॉट्सॲपवर येतात, आणि ज्या घरात एकच मोबाईल आहे तिथं बंदी म्हणजे पोरीचा अभ्यास आधी बंद होतो, पोराचा नंतर. हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

ग्रामसभेत एवढंच मांडून पाहा, रात्री नऊनंतर घरातले सगळे मोबाईल एका जागी चार्जिंगला, बापाचा पहिला. आणि मोठ्या पोरांच्या मोबाईलमध्ये पैसे लावायचे रमीसारखे खेळ आहेत का ते पालकांना पाहायला लावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं त्याच्यावर बंदीचा कायदा केला, पण नवनव्या लिंक येतच राहतात, आणि इथं पेंगण्याचा नाही, घर बुडण्याचा प्रश्न असतो.

थोडक्यात

*स्मार्ट मीटर लय जोरात पळते म्हणतात.* (ता. रिसोड, जि. वाशीम) सगळे पळतात असं नाही आणि एकही पळत नाही असंही नाही. शंका असली तर लेखी अर्ज करून मीटर तपासून मागा. मीटर रीडिंग स्वतः पाठवतं, त्यामुळे घर बंद दाखवून अंदाजे बिल टाकायचं कारण राहत नाही, हा फायदा आहे. जुन्या बिलांशी युनिट ताडून पाहा, रुपये नाही, कारण दरही बदलतात.

*टॉवरमुळे चिमण्या गेल्या का?* (ता. लाखनी, जि. भंडारा) ते पक्कं सिद्ध झालेलं नाही. कौलं गेली, स्लॅब आला, घरटं करायला फट राहिली नाही, फवारणीनं किडे गेले, पिल्लांना खायला काय? टॉवरच्या लहरींची मर्यादा आपल्या देशानं १ सप्टेंबर २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर आणली.

*वावरात मोबाईल चालू असला की वीज पडते, म्हणून आमची आई पाऊस आला की सगळ्यांचे मोबाईल बंद करायला लावते.* (ता. देवळी, जि. वर्धा) मोबाईल वीज ओढत नाही. वीज उंच आणि एकट्या गोष्टीवर पडते, मोकळ्या वावरात एकटं झाड असतं नाही तर उभा माणूस. आपली माणसं पावसात पळसाखाली नाही तर निंबाखाली थांबतात, तिथंच घात होतो. झाडाखालून निघा, तारेच्या कुंपणापासून आणि झटका मशीनच्या तारेपासून दूर व्हा, पक्क्या घरात नाही तर बंद गाडीत जा, काहीच नसलं तर दोन्ही पाय जवळ घेऊन उकिडवं बसा, आडवं पडू नका. घरी वायरवाला फोन असला तर तो तेवढ्यापुरता वापरू नका, आणि चार्जिंगला लावलेला मोबाईल कानाला लावू नका, कारण वीज तारेतून येते. उलट आईला सांगा की मोबाईल चालूच ठेवा आणि त्याच्यात 'दामिनी' टाका, पुण्याच्या आयआयटीएम या हवामानाच्या संस्थेनं केलेलं फुकट ॲप आहे, आजूबाजूला वीज पडत असली की इशारा देतं. लोकेशन चालू ठेवावं लागतं, नाही तर त्याला तुम्ही कुठं आहात तेच कळत नाही. निंदणाला बायांची टोळी घेऊन जाणाऱ्या मुकादमीणबाईच्या मोबाईलमध्ये ते आधी टाकून द्या.